पहिली आज्ञा कोणाची? : हातातल्या संगणकावरील लिनक्सचा इतिहास

१

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी आपला मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. यंत्र चांगले होते. काच फुटलेली नव्हती, बॅटरी दिवसभर टिकत होती. पण कंपनीने त्या मॉडेलकडे पाहणे सोडून दिले होते आणि नवी ॲप्स त्यावर चढत नव्हती. “सर, ह्याच्यावर लिनक्स टाकून बघू या का? प्रोग्रॅमिंग शिकायला होईल,” तो म्हणाला. त्याच्या घरी दुसरा संगणक नाही. आम्ही दोघे एस. टी. स्टँडसमोरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथल्या पोराने यंत्र आपल्या संगणकाला जोडले, दोन-तीन बटणे एकदम दाबून पाहिली आणि परत दिले. “सॉफ्टवेअर मारून देतो सर, पण कंपनीचंच. दुसरं घेणार नाही. बूटलोडर लॉक आहे.”

ज्या यंत्राची पूर्ण किंमत त्या मुलाच्या आईने दोन हंगामांच्या मजुरीतून भरली, त्या यंत्राला कुलूप कोणी लावले? आणि किल्ली कोणाकडे आहे? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे, आणि त्याहून अधिक तो ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आहे. ज्ञानावरील मक्तेदारीचा इतिहास ह्या पानांच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु मक्तेदारी दर पिढीत नवे रूप घेते आणि त्या नव्या रूपाचा अभ्यास करण्याची टाळाटाळ आपण पुष्कळदा करतो. “हे आपले क्षेत्र नव्हे,” असे म्हणून आपण बाजूला होतो. म्हणून हा लेख.

ह्यात आणखी एक विसंगती आहे. माझा विद्यार्थी ज्या यंत्रावर लिनक्स टाकावयास निघाला होता, त्या यंत्रात लिनक्स आधीपासूनच होते. अँड्रॉईड ज्या गाभ्यावर उभे आहे तो लिनक्सचाच गाभा होय. म्हणजे मोकळे सॉफ्टवेअर कोट्यवधी माणसांच्या हातात पोहोचले, पण त्यातला मोकळेपणा वाटेत कोठेतरी उतरवून घेतला गेला. तो कोठे आणि कसा उतरला, हे समजून घ्यावयाचे तर सुमारे पंचवीस वर्षे मागे जावे लागते.

२

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, हातात मावणाऱ्या यंत्रावर लिनक्स बसवणे म्हणजे नेमके काय.

टेबलावरच्या संगणकावर लिनक्स बसवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. पेन ड्राइव्ह लावावा, यंत्र सुरू करावे, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. हे शक्य होते, कारण १९८१ साली आयबीएमने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला त्याची रचना इतर अनेक कारखानदारांनी उचलली आणि यंत्र सुरू होण्याची एक समान रीत रूढ झाली. हातातल्या यंत्राला असा समान रिवाज नव्हता. त्याला डिस्क नाही, पूर्ण कळफलक नाही, बाहेरून तबकडी घालण्याची सोय नाही. सगळी कार्यप्रणाली मंडलावर झाळून बसवलेल्या फ्लॅश चिपमध्ये असते.

बटण दाबले की प्रोसेसर एका ठराविक पत्त्यावर जातो आणि तेथे लिहिलेली पहिली आज्ञा पाळतो. त्या जागी जो छोटासा प्रोग्रॅम असतो त्यास बूटलोडर म्हणतात. तो स्मृती जागी करतो, कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा शोधतो, त्याला स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हवाली करून बाजूला होतो. ह्या कामाला काही क्षण लागतात. वापरणाऱ्याला बूटलोडर कधी दिसतही नाही. पण यंत्रावर कोणाचे राज्य चालणार हे त्याच क्षणी ठरून गेलेले असते. पहिली आज्ञा ज्याची, त्याच्या संमतीशिवाय पुढची एकही आज्ञा चालत नाही.

म्हणून हातातल्या यंत्रावर लिनक्स बसवताना तीन कामे करावी लागतात. एक, बूटलोडर बदलणे किंवा त्याची संमती मिळवणे. दोन, त्या विशिष्ट चिपसाठी व त्या विशिष्ट मंडलासाठी कर्नल तयार करणे. लहान यंत्राच्या अंगात हे काम करण्याइतके बळ नसते, म्हणून ते मोठ्या संगणकावर तयार करून लहान यंत्रावर उतरवावे लागते. पडदा कोणत्या तारेवर आहे, स्पर्श कसा कळतो, बॅटरी किती उरली हे कोणाला विचारावयाचे, ही सारी माहिती कर्नलला द्यावी लागते. कारखानदार ती बहुधा देत नाही. आणि तीन, ज्या प्रोग्रॅमांनी माणसाचे काम होते त्यांची मांडणी त्या अपुऱ्या जागेत बसवणे.

ह्यांपैकी दुसरे व तिसरे काम कष्टाचे आहे, परंतु कष्टाने ते होते. पहिल्या कामाचे तसे नाही. तेथे दार बंद असेल तर कितीही कष्ट वाया जातात.

३

ह्या इतिहासाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे.

रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत होते. प्रयोगशाळेला नवा लेसर छपाईयंत्र मिळाला, पण तो चालवणाऱ्या प्रोग्रॅमची मूळ संहिता मिळाली नाही. कागद अडकला की दूरच्या माणसाला कळावे, अशी सोय त्यांनी जुन्या यंत्रात केली होती. नव्या यंत्रात ती करता येईना, कारण संहिता पाहण्यासच बंदी होती. स्टॉलमन ही हकीकत पुढे वारंवार सांगत आले आहेत. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ ह्या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना लिहिला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. परवान्याचा आशय साधा आहे : प्रोग्रॅम वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र दुसऱ्याला द्याल तेव्हा मूळ संहिताही द्या आणि जे हक्क तुम्हांला मिळाले तेच त्यालाही द्या.

त्याच १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने आपल्या घरच्या ३८६ संगणकासाठी लिहिलेला कर्नल जाहीर केला. १९९२ साली त्याने तो ह्याच परवान्याखाली आणला. तो कर्नल इंटेलच्या एका चिपपुरताच लिहिलेला होता. पण संहिता उघडी असल्यामुळे तो इतर चिपांवर नेण्यास कोणाची परवानगी काढावी लागली नाही.

हातातल्या यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची चिप वेगळीच होती. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न ह्या कंपनीने १९८५ साली एआरएम ही चिप बनवली. तिला वीज फार थोडी लागे. १९९० च्या दशकात रसेल किंग ह्या इंग्लिश प्रोग्रॅमरने लिनक्सचा कर्नल एकॉर्नच्या यंत्रांवर चालता केला. पुढे १९९६ साली डिजिटल इक्विपमेंट ह्या अमेरिकन कंपनीने स्ट्राँगएआरएम ही वेगवान आवृत्ती काढली, आणि कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील तिच्या प्रयोगशाळांत ‘इट्सी’ नावाचा खिशात मावणारा संगणक तयार झाला. त्यावर लिनक्स चालत असे. इट्सी विक्रीसाठी नव्हता, संशोधनासाठी होता. पण खिशातल्या यंत्रावर पूर्ण कार्यप्रणाली चालू शकते हे त्याने सिद्ध केले. १९९८ साली कॉम्पॅक कंपनीने डिजिटल विकत घेतली आणि प्रयोगशाळांसह ही विद्याही तिच्याकडे गेली.

४

२००० साली कॉम्पॅकने आयपॅक एच ३६०० हा हस्तसंगणक बाजारात आणला. त्यात २०६ मेगाहर्ट्झची स्ट्राँगएआरएम एसए-१११० चिप, ३२ मेगाबाइट स्मृती आणि १६ मेगाबाइट फ्लॅश होती. पडदा २४० गुणिले ३२० ठिपक्यांचा. किंमत सुमारे ५०० डॉलर. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, पॉकेट पीसी ह्या नावाची.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. कॉम्पॅकच्याच संशोधन प्रयोगशाळेने—ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजची, इंग्लंडमधील नव्हे—आयपॅकवर लिनक्स बसवण्याचे काम हाती घेतले आणि ते उघडपणे, बाहेरच्या लोकांना सामील करून घेऊन केले. जेमी हिक्स व जिम गेटिस हे त्यातील प्रमुख. गेटिस हे १९८४ साली एमआयटीमध्ये एक्स विंडो ही चित्रपडद्याची व्यवस्था रचणाऱ्यांपैकी एक होते. ह्या उद्योगाचे नाव हँडहेल्ड्स डॉट ऑर्ग. कंपनी दुकानात पॉकेट पीसी विकत होती आणि तिचीच प्रयोगशाळा तो पुसून लिनक्स कसे बसवावे हे जगाला शिकवत होती. प्रयोगशाळेला संशोधनासाठी मोकळे यंत्र हवे होते, हे त्यामागचे कारण. उपकाराची भाषा येथे लावण्याचे कारण नाही. पण परिणाम मोठा झाला, कारण प्रयोगशाळेने बूटलोडरही लिहून मोकळा केला.

बसवण्याची रीत अशी होती. प्रथम मूळ कार्यप्रणालीची प्रत मोठ्या संगणकावर काढून ठेवावयाची. पश्चात्ताप झाला तर परतीची वाट असावी. बॅटरी पूर्ण भरावयाची आणि भरणीची तारही लावून ठेवावयाची. मग पॉकेट पीसीच्याच आत एक छोटा प्रोग्रॅम चालवावयाचा. तो फ्लॅशच्या आरंभीच्या २५६ किलोबाइट जागेत नवा बूटलोडर लिहून टाकी. म्हणजे जुन्या सत्तेच्याच हातून तिच्या जागी दुसरी आज्ञा लिहवून घ्यावयाची. हे लिखाण चालू असताना वीज गेली तर पहिली आज्ञा अर्धवट राही आणि यंत्र जागे होण्याचे नाव घेत नसे. आमच्या स्टँडसमोरचा पोरगा ज्याला “डेड झाला” म्हणतो, ती ही अवस्था.

हा टप्पा निभावला की पुढचे भय कमी. ठराविक बटण दाबून धरून यंत्र पुन्हा सुरू करावयाचे. सिरिअल तारेने ते मोठ्या संगणकाला जोडलेले असे. त्या संगणकाच्या पडद्यावर बूटलोडर आपले नाव सांगून आज्ञेची वाट पाहत थांबे. ‘रूट चढव’ अशा अर्थाची आज्ञा दिली की एक्समोडेम ह्या जुन्या पद्धतीने नवी प्रणाली तारेतून उतरू लागे. तारेचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. ह्या वेगाने दहा मेगाबाइट उतरण्यास पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ तारेला धक्का लागू न देता बसून राहावयाचे. मग बूटलोडर फ्लॅशमधील जुने पुसून नवे लिही, आणि शेवटी सुरू होण्याची आज्ञा दिली की पडद्यावर लिनक्सच्या ओळी सरकू लागत.

फ्लॅशची स्वतःची एक अडचण होती. तिच्यात एखादे अक्षर बदलावयाचे तर पूर्ण खंड पुसावा लागतो, आणि प्रत्येक खंड किती वेळा पुसता येईल ह्यालाही मर्यादा असते. त्यातच हातातल्या यंत्राची वीज केव्हाही जाऊ शकते. ह्यावर स्वीडनच्या ॲक्सिस ह्या कंपनीने १९९९ साली जेएफएफएस ही फायली ठेवण्याची पद्धत काढली, आणि २००१ साली रेड हॅटमधील डेव्हिड वुडहाउस ह्यांनी तिची दुसरी आवृत्ती लिहिली. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी ही पद्धत आहे. मागची नोंद खोडावयाची नाही, नवी नोंद शेवटी लिहावयाची, पाने भरली की चालू तेवढ्या नोंदी पुढे उतरवून जुने पान मोकळे करावयाचे. मध्येच वीज गेली तरी आधीची नोंद शाबूत राहते आणि लिखाणाचा भार सर्व खंडांवर वाटला जातो. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर दाबून ठेवण्याची सोय असल्याने १६ मेगाबाइटमध्ये बरेच अधिक मावू लागले.

ह्या पायावर ‘फॅमिलिअर’ नावाचे लिनक्स वितरण उभे राहिले. त्यावर जीपीई आणि ओपी अशी पडद्याची दोन वेगवेगळी रूपे चालत. जपानच्या शार्प कंपनीने २००२ साली झौरस एसएल-५५०० हा हस्तसंगणक लिनक्ससहच विकावयास आणला, त्यातही तीच एसए-१११० चिप होती. आयपॅकचे पुढे काय व्हावयाचे ते झाले. २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली आणि काही वर्षांत हस्तसंगणकाची जागा फोनने घेतली. पण त्या काळात झालेले काम त्या यंत्राबरोबर संपले नाही. एआरएमसाठी लिहिलेली संहिता आणि जेएफएफएसची दुसरी आवृत्ती मूळ कर्नलमध्ये गेली आणि तेथून असंख्य यंत्रांत पोहोचली.

५

हा इतिहास सांगताना त्याचा गौरव करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. आयपॅकवर लिनक्स कोण बसवत होते? ज्याच्याकडे ५०० डॉलरचे यंत्र होते, त्याशिवाय दुसरा संगणक होता, इंटरनेट होते, इंग्रजी होती. आणि यंत्र बिघडले तरी घराचा चुलीचा हिशेब चुकणार नव्हता. शिवाय त्याच्याकडे मोकळा वेळ होता. मोकळा वेळ ही सुद्धा मालमत्ता आहे आणि तिचीही वाटणी विषम आहे, हे स्वातंत्र्याची स्तोत्रे गाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. परवान्याने दार सर्वांसाठी उघडे ठेवले होते. पण त्या दारापर्यंत जाणारी वाट फार थोड्यांच्या घरावरून जात होती.

ह्याच काळात आपल्या देशात वेगळा प्रयत्न चालू होता. १९९८ साली बंगलोर येथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान ह्या विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्यातून निघालेल्या विचाराला धरून भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे आदींनी १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. २००१ च्या एप्रिलमध्ये सिम्प्युटर लोकांपुढे आला. साधा, स्वस्त, बहुभाषी, लोकांचा संगणक, असा त्या नावाचा अर्थ. चिप तीच, एसए-१११०. कार्यप्रणाली लिनक्सच. येथे कोणतीही जुनी प्रणाली पुसावी लागत नव्हती, पहिल्या आज्ञेपासून लिनक्स होते. इतकेच नव्हे, तर यंत्राचा आराखडादेखील परवान्याखाली खुला करण्याचा विचार त्यात होता.

सिम्प्युटरच्या दोन कल्पना आजही विचार करण्याजोग्या आहेत. एक, स्मार्ट कार्ड. एक यंत्र गावाने मिळून घ्यावे, प्रत्येकाकडे आपापले कार्ड असावे, आणि कार्ड घातले की यंत्र त्या माणसाचे व्हावे. दुसरी, भारतीय भाषांतील मजकूर यंत्राने वाचून दाखवण्याची सोय. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही माहितीपासून वंचित ठेवावयाचे नाही, हा त्यामागचा हेतू. पाश्चात्त्य हस्तसंगणक एका माणसाच्या खिशासाठी बनला होता. हा अनेकांच्या हातांसाठी बनला.

तरी तो अनेकांच्या हातांत गेला नाही. सुमारे ९,००० रुपयांत तो मिळावा अशी मूळ अपेक्षा होती. २००४ च्या मार्चमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिदा’ सिम्प्युटर विक्रीस आला तेव्हा साधा पडदा असलेला सुमारे १०,००० रुपयांना होता आणि रंगीत पडद्याचा सुमारे २०,००० रुपयांना. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी आणि छत्तीसगडमध्ये शिक्षणाच्या कामी त्याचा उपयोग झाला, पण ५०,००० यंत्रांचे उद्दिष्ट असता २००५ पर्यंत सुमारे ४,००० च विकली गेली. स्वस्त मोबाईलची लाट तोवर येऊन ठेपली होती.

सिम्प्युटरची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी प्रश्न बरोबर ओळखला होता. उणीव मला दुसरीकडे दिसते. ज्या खेड्यातल्या माणसासाठी यंत्र बनले, तो माणूस वापरणारा म्हणून गृहीत धरला होता. घडवणारा म्हणून तो कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. आराखडा खुला होता, पण तो वाचू शकणारे हात त्या खेड्यात तयार करण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आले नाही.

अशा रीतीने एकाच चिपवर, एकाच काळात दोन प्रयोग झाले. आयपॅकवर घडवणारे होते, पण ते सुखवस्तू होते. सिम्प्युटरच्या मनात सामान्य माणूस होता, पण घडवणाऱ्यांच्या रांगेत नव्हता. ह्या दोन गोष्टी एकत्र येण्यापूर्वीच काळाने कूस बदलली.

६

बदलाची चाहूल एका घरगुती यंत्रातून लागली होती. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाचे दूरदर्शनचे कार्यक्रम साठवून ठेवणारे यंत्र आले. त्यात लिनक्स होते. परवान्याप्रमाणे कंपनी संहिता देत होती. तुम्ही ती वाचू शकत होता, बदलू शकत होता. पण बदललेली प्रणाली यंत्रात घातली की यंत्र सही तपासून ती नाकारी. कागदावर हक्क शाबूत, प्रत्यक्षात शून्य.

स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर उपाय म्हणून २९ जून २००७ रोजी परवान्याची तिसरी आवृत्ती काढली. घरगुती वापराच्या यंत्राबरोबर असे सॉफ्टवेअर दिले तर बदललेली प्रत त्या यंत्रावर बसवण्यासाठी लागणारी माहिती, किल्लीसुद्धा, दिली पाहिजे अशी अट तीत आहे. परंतु टोरवाल्ड्स ह्यांना ही अट मान्य नव्हती. सॉफ्टवेअरच्या परवान्याने यंत्र कसे बनवावे हे सांगू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे लिनक्सचा कर्नल दुसऱ्या आवृत्तीखालीच राहिला, आजही तेथेच आहे. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे होती. पण ह्या मतभेदाचा लाभ कोणाला झाला, हे पाहावयास दूर जावे लागत नाही.

२००७ मध्येच तैवानच्या एफआयसी ह्या कंपनीच्या पाठबळावर ‘ओपनमोको’ ह्या खुल्या फोनचे पहिले यंत्र निघाले, पण २००९ मध्ये तो प्रयत्न थांबला. आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये एचटीसी ड्रीम हा अँड्रॉईडचा पहिला फोन बाजारात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेच यंत्र कुलूप उघडे ठेवून, ३९९ डॉलरला, नोंदणी केलेल्या प्रोग्रॅमरांसाठी वेगळे उपलब्ध झाले. ह्या एका घटनेत पुढची सगळी व्यवस्था दिसते. घडवणाऱ्यांसाठी एक यंत्र आणि वापरणाऱ्यांसाठी दुसरे.

कुलूप कसे चालते? चिपमध्ये कारखान्यातच एक खूण कायमची कोरली जाते. बूटलोडर पुढची प्रणाली सुरू करण्यापूर्वी तिच्यावरील सही त्या खुणेशी ताडून पाहतो. सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीजवळ असते. लिनक्सची संहिता तुम्ही खुशाल मागून घ्या, तिच्यात सुधारणा करा. तुमची सही यंत्र मानणार नाही.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. चोरलेला फोन पुसून विकता येऊ नये, बँकेचा व्यवहार सुरक्षित असावा, कोणी आत घातक प्रोग्रॅम दडवू नये, ह्यासाठी कुलूप हवे असे त्या सांगतात. हे म्हणणे खोटे नाही. माझाही विरोध कुलपाला नाही, आपण घरालाही कुलूप लावतोच. पण घराची किल्ली आपल्या कमरेला असते, घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नव्हे. काही कंपन्या मागितल्यावर किल्ली देतात, म्हणजे ते अशक्य नाही हे उघड आहे. न देणे हा निर्णय आहे, आणि तो यंत्र विकत घेणाऱ्याला विचारून घेतलेला नाही.

७

ह्या निर्णयाची किंमत कोण मोजतो? ज्याला दर दोन वर्षांनी नवा फोन घेणे परवडते त्याला कुलूप कधी बोचत नाही. बोचते ते जुने यंत्र चालवून घेणाऱ्याला.

२०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले, ते आठवावे. यंत्रे जुनी झाली आहेत, स्मृती अपुरी आहे, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो, नव्या ॲपची भाषा इंग्रजी आहे, ह्या त्यांच्या तक्रारी होत्या. त्या यंत्रांवर लिनक्स बसवून प्रश्न सुटला असता असे मी म्हणत नाही. इतका सोपा तो नव्हता. पण हातात यंत्र असणे म्हणजे यंत्रावर अधिकार असणे नव्हे, हे त्या बायांनी आपल्या कृतीने आपल्या सर्वांआधी सांगितले. सिम्प्युटरनंतर वीस वर्षांनीही भाषेचा प्रश्न तेथेच उभा होता.

वाट अगदीच बंद झालेली नाही. २०१७ पासून ‘पोस्टमार्केटओएस’ नावाने काही लोक कंपन्यांनी सोडून दिलेल्या फोनांवर पूर्ण लिनक्स बसवण्याचे काम करीत आहेत. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे ही त्यांची आकांक्षा. जेथे बूटलोडर उघडतो तेथेच त्यांचे काम चालते. म्हणजे आयपॅकच्या काळी जी पहिली पायरी होती, तीच आजही पहिली आहे.

मग आपण काय करावयाचे? मला तीन गोष्टी सुचतात. सार्वजनिक पैशातून विद्यार्थ्यांना, सेविकांना, शिक्षकांना जी यंत्रे दिली जातात, त्यांच्या खरेदीच्या अटींतच किल्ली देण्याची अट असावी. निदान कंपनीने यंत्राकडे पाहणे बंद केले त्या दिवशी तरी ती दिली जावी. दुसरे, आमच्यासारख्या शिक्षकांनी हा विषय केवळ विज्ञान शाखेचा न मानता समाजशास्त्राच्या व इतिहासाच्या तासालाही आणावा. आणि तिसरे, हे ज्ञान मराठीत लिहिले जावे. बूटलोडर म्हणजे काय, हे मराठीत सांगता येत नाही असा समज आहे. वर मी तो प्रयत्न केला आहे. तो कितपत जमला हे वाचकांनी सांगावे.

ह्या तिसऱ्या मुद्द्याशी जोडून एक अनुभव सांगतो. त्या दुकानातल्या पोराला मी महाविद्यालयात बोलावले. “मुलांना समजावून सांग, कुलूप कसं असतं ते,” म्हटले. तो कचरला. “सर, मी बारावी नापास आहे,” म्हणाला. पण एका शनिवारी दुकान दुपारी बंद ठेवून तो आला. सोबत पिशवीत सात-आठ डेड झालेली मंडले होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर ती मांडून त्याने कोठे चिप असते, कोठे तार धरावी लागते, कोणती यंत्रे उघडतात आणि कोणती नाहीत, हे दीड तास सांगितले. त्याला ह्या कशाचीही पुस्तकी नावे ठाऊक नव्हती. आमच्यापैकी कोणालाही त्याच्याइतके ठाऊक नव्हते. आमची घरे ज्या वस्त्यांत आहेत तेथे अशी दुकाने गल्लीगल्लीत आहेत, आणि त्यांत बसलेल्या पोरांची विद्या कोणी विद्या म्हणून मोजलेली नाही.

माझ्या विद्यार्थ्याचा फोन अजून कुलूपबंदच आहे. आम्ही कंपनीला मराठीत अर्ज लिहिला, खाली त्याची व त्याच्या आईची सही घातली. उत्तर आलेले नाही. दरम्यान दुकानातल्या त्या पोराने आपल्या खणातून बूटलोडर उघडणारा एक जुना फोन काढून त्याला दिला आहे. त्यावर काम चालू आहे. दोनदा फसले. तिसऱ्यांदा करणार आहेत.